दोष कुणाचा? उन्माद-नैराश्याचा आजार, आई-वडील आणि १९५४ साल (थ्रेड)

सन १९५४. एकाच वर्षी, एकाच आजाराविषयी दोन शोधनिबंध प्रसिद्ध झाले.

पहिला अमेरिकेतला. वॉशिंग्टन परिसरातील पाच मनोविश्लेषकांनी मिळून बारा रुग्णांचा सखोल अभ्यास केला होता. त्यांचा सारा रोख रुग्णाच्या घराकडे होता: आई कशी होती, वडील कसे होते, या मुलाकडून त्यांना काय हवे होते.

दुसरा डेन्मार्कमधला. अडतीस रुग्णांना एक साधा, स्वस्त क्षार दिल्यावर काय घडले, याची त्यात नोंद होती. आई-वडील कसे होते, हा प्रश्न त्यात विचारलेलाच नव्हता.

आजार तोच. त्या काळी त्याला उन्माद-नैराश्याचा आजार म्हणत. आज 'बायपोलर' हा शब्द आपल्याकडेही सर्रास वापरला जातो. काही आठवडे वा महिने माणूस उन्मादाच्या शिखरावर असतो. झोप लागत नाही आणि तिची गरजही वाटत नाही. बोलणे थांबत नाही, पैसा पाण्यासारखा उधळला जातो, आपण काहीही करू शकतो अशी खात्री वाटते. मग तोच माणूस नैराश्याच्या गर्तेत कोसळतो. मधल्या काळात तो अगदी पूर्वीसारखा असतो. घरच्यांना सर्वाधिक छळतो तो हा मधला काळच, कारण आपले मूल परत आले असे त्यांना प्रत्येक वेळी वाटते.

घरात असे मूल असले की आपल्याकडे दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. एक, 'खाण तशी माती.' दुसरे, 'संस्कार कमी पडले.' म्हणजे दोष एकतर रक्ताचा, नाहीतर वाढवण्याचा. दोन्हीकडून आरोपी आई-बापच. ही वाक्ये केवळ चावडीवरची नाहीत. युरोप-अमेरिकेतील वैद्यकशास्त्राने गेल्या पावणेदोनशे वर्षांत हीच दोन वाक्ये अतिशय विद्वान भाषेत, आळीपाळीने उच्चारली आहेत. त्याचा हा इतिहास. थ्रेड लांब आहे; सवडीने वाचावा.

आरंभ पॅरिसमधून. १८५४ मध्ये तेथील वैद्यक अकादमीसमोर एक कडवट वाद रंगला. साल्पेत्रिएर रुग्णालयाचे झाँ-पिएर फाल्रे आणि ज्यूल बायार्जे या दोघांनी, काही दिवसांच्या अंतराने, एकाच रोगाचे वर्णन मांडले आणि तो आपणच प्रथम ओळखला असा दावा केला. फाल्रे त्याला 'वर्तुळाकार वेड' म्हणत, बायार्जे 'दुहेरी रूपाचे वेड'. उन्माद आणि विषाद हे दोन वेगळे रोग नसून एकाच रोगाच्या दोन अवस्था आहेत, हे दोघांनाही दिसले होते. फाल्रे यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली: हा रोग आनुवंशिक दिसतो.

त्या काळच्या फ्रेंच वैद्यकात कुटुंबाविषयी आधीच एक भूमिका रुजलेली होती. फाल्रे यांचे गुरू एस्किरोल यांच्या मते वेड्याला बरे करायचे तर त्याला घरापासून तोडणे ही पहिली पायरी. ज्या माणसांत, ज्या खोल्यांत, ज्या सवयींत वेड उपजले, त्यांतून रुग्णाला बाहेर काढलेच पाहिजे. १८३८ च्या फ्रेंच कायद्याने प्रत्येक प्रांतात वेड्यांच्या इस्पितळाची तरतूद केली, तिच्यामागे हीच धारणा होती. म्हणजे आई-बापांवर थेट आरोप होण्याआधीच त्यांना उपचारातून हद्दपार करण्यात आले होते.

पुढचे नाव एमिल क्रेपेलिन. हायडेलबर्गच्या या प्राध्यापकांनी १८९९ मध्ये आपल्या पाठ्यपुस्तकाच्या सहाव्या आवृत्तीत 'उन्माद-नैराश्याचे वेड' हा स्वतंत्र विकार म्हणून प्रस्थापित केला. आजची द्विध्रुवी विकाराची कल्पना त्यांच्याच चौकटीतून निघाली आहे. हायडेलबर्गमधील सुमारे ८० टक्के रुग्णांत आनुवंशिक दोष दाखवता आला, असे त्यांनी लिहिले. 'आनुवंशिक दोष' ही त्यांची व्याख्या फार सैल होती. एखादा दारुडा काका किंवा विक्षिप्त आत्याही तिच्यात बसे. पण ८० टक्के हा आकडा लक्षात राहण्यासारखा होता आणि तो लक्षात राहिला.

क्रेपेलिन यांच्याच परंपरेतला अर्न्स्ट रूडिन हा मानसिक आजारांच्या आनुवंशिकतेचा त्या काळातला सर्वांत नावाजलेला अभ्यासक. १९२२ ते १९२५ या काळात त्याने उन्माद-नैराश्याच्या आजारावर मोठा कौटुंबिक अभ्यास केला. मेंडेलच्या साध्या नियमांनुसार हा आजार एका पिढीतून दुसऱ्या पिढीत उतरतो, असे त्यातून सिद्ध व्हायला हवे होते. तसे झाले नाही. आकडे जुळेनात. रूडिनने तो अभ्यास छापलाच नाही. ते हस्तलिखित अभ्यासकांनी उजेडात आणून त्याचे विश्लेषण प्रसिद्ध केले ते २०१५ मध्ये.

अभ्यास दाबून ठेवणारा हा माणूस १९३३ मध्ये नाझी सरकारच्या निर्बीजीकरण कायद्याचा अधिकृत भाष्यकार झाला. १४ जुलै १९३३ रोजी संमत झालेल्या त्या कायद्यात 'आनुवंशिक' रोगांची एक यादी होती. तिच्यात उन्माद-नैराश्याचा आजार नावानिशी होता. डॉक्टरांवर अशा रुग्णांची माहिती कळवण्याचे बंधन आले, खास न्यायालये स्थापन झाली आणि रुग्णाची संमती नसली तरी शस्त्रक्रिया करण्याची मुभा मिळाली. नाझी राजवटीत सुमारे चार लाख लोकांचे निर्बीजीकरण झाले. त्यानंतर १९३९ पासून रुग्णांना ठार मारण्याची मोहीम सुरू झाली. केवळ तिच्या पहिल्या टप्प्यात, १९४१ पर्यंत, सुमारे सत्तर हजार लोक विषारी वायूच्या खोल्यांत मारले गेले. आई-वडिलांच्या हाती येई ते सरकारी शोकपत्र. त्यात मृत्यूचे कारण धादांत खोटे असे: न्यूमोनिया, आंत्रपुच्छदाह, काहीही.

'खाण तशी माती' हे वाक्य राज्यसत्तेच्या हाती पडल्यावर काय होते, ते हे.

पुढचे सारे समजून घ्यायला हा भाग मनात असणे आवश्यक आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत मनोविश्लेषणाचा जो बोलबाला झाला, त्याची खिल्ली आज सहज उडवली जाते. पण रक्ताच्या सिद्धान्ताला विटलेल्या पिढीला तो सुटकेचा श्वास वाटला होता. फ्रीडा फ्रॉम-राइशमान यांचेच उदाहरण घ्यावे. जर्मनीत जन्मलेल्या या ज्यू विदुषीने १९३३ मध्ये, म्हणजे निर्बीजीकरणाचा कायदा झाला त्याच वर्षी, देश सोडला. १९३५ पासून त्या अमेरिकेतील मेरिलँडमधल्या चेस्टनट लॉज या रुग्णालयात काम करू लागल्या. ज्यांना इतर डॉक्टरांनी असाध्य ठरवले होते, अशा रुग्णांसमोर त्या तासन्‌तास बसत. आजार रक्तातून येत नसून नात्यांतून येतो. आणि जे नात्यातून आले ते दुसऱ्या, अधिक निरोगी नात्यातून बरे होऊ शकते, ही त्यांची श्रद्धा होती. तिच्यात माणुसकी होती, यात शंका नाही.

पण आजार नात्यांतून येतो म्हटले की कुणाच्या तरी नात्यातून येतो, हे ओघानेच आले. १९४८ मधील एका लेखात फ्रॉम-राइशमान यांनी 'स्किझोफ्रेनिया निर्माण करणारी आई' असा शब्दप्रयोग केला. संपूर्ण लेखात तो ओझरताच आलेला आहे. तरी पुढची तीसेक वर्षे तो अमेरिकेतील अगणित आयांच्या कपाळी चिकटून राहिला.

१९५४ चा तो अमेरिकी निबंध याच वर्तुळातून आला. मेबल ब्लेक कोहेन या त्याच्या पहिल्या लेखिका, फ्रॉम-राइशमान सहलेखिका. बारा रुग्णांच्या घरांचे त्यांनी रेखाटलेले चित्र थोडक्यात असे. हे कुटुंब आसपासच्या समाजात काही कारणाने वेगळे पडलेले असते: कधी ते अल्पसंख्य समाजातले, कधी आर्थिकदृष्ट्या घसरलेले. हा वेगळेपणा घराला सलतो. गेलेली किंवा कधीच न मिळालेली प्रतिष्ठा मिळवण्याची जबाबदारी मग एका मुलावर टाकली जाते. बहुधा तेच सर्वांत हुशार मूल असते. आई खंबीर, महत्त्वाकांक्षी. वडील प्रेमळ पण अपयशी, आणि त्या अपयशाबद्दल आईचे बोल खाणारे. मूल लाडके असते, पण ते लाड त्याच्या यशाला बांधलेले असतात. भावंडे त्याचा हेवा करतात, म्हणून ते आपले गुण झाकायला शिकते.

हे वाचताना महाराष्ट्रातील कितीतरी घरे डोळ्यांसमोर येतील. घराण्याचे नाव काढण्यासाठी राबवले जाणारे हुशार मूल, गप्प बसणारे वडील, रेटून नेणारी आई: यात कोकणापासून विदर्भापर्यंत अपरिचित ते काय? निबंधातली खोच नेमकी येथे आहे. जे चित्र असंख्य घरांना लागू पडते, ते बारा घरांतल्या आजाराचे कारण कसे ठरवायचे? अशाच घरांत वाढून जी मुले ठणठणीत राहिली, त्यांना कुणी मोजलेले नव्हते. शिवाय वर्षानुवर्षे खाजगी मनोविश्लेषण परवडणारे रुग्ण मुळात कोणत्या थरातले असणार, हेही उघड आहे. प्रतिष्ठेचा हव्यास त्या थरातच अधिक दिसणार.

निबंध भाकड मात्र नव्हता. आजारी माणसाला जवळून पाहणाऱ्यांनी तो लिहिला होता आणि त्यातली निरीक्षणे आजही वाचावीशी वाटतात. निरीक्षणातून कारणाकडे मारलेली उडी फसली होती. तिची किंमत आई-बापांनी मोजली. मुलाच्या उपचारात त्यांना सहसा स्थान नव्हते. डॉक्टरांशी बोलायला जावे, तर आपलीच तपासणी सुरू आहे असे वाटे. आईने काळजी केली तर ती मुलाला गिळणारी, अंतर राखले तर थंड.

आता त्याच वर्षीच्या दुसऱ्या निबंधाकडे वळू. त्याची सुरुवात ऑस्ट्रेलियात होते. जॉन केड हे मनोविकारतज्ज्ञ साडेतीन वर्षे चांगी येथे जपान्यांचे युद्धकैदी होते. सुटकेनंतर मेलबर्नजवळच्या बुंडूरा येथील रुग्णालयात, नोकरी सांभाळून, त्यांनी तुटपुंज्या साधनांनिशी प्रयोग आरंभले. उन्मादाच्या रुग्णांच्या शरीरात एखादे विष तयार होत असावे, अशी त्यांची अटकळ होती. ती चुकीची निघाली. पण ती तपासताना त्यांनी गिनीपिगांना लिथियमचे क्षार टोचले आणि ते प्राणी विलक्षण शांत झालेले त्यांना दिसले. औषध आधी स्वतः घेऊन पाहून मग त्यांनी ते उन्मादाच्या दहा रुग्णांना दिले. पहिला रुग्ण ५१ वर्षांचा होता आणि पाच वर्षे सतत उन्मादात होता. काही आठवड्यांत तो ओळखू न येण्याइतका सुधारला. पुढे त्याच माणसाचा मृत्यू लिथियमच्या विषबाधेने झाला, हेही सांगितले पाहिजे. रक्तातील लिथियमची पातळी वारंवार तपासण्याची पद्धत तेव्हा रुळलेली नव्हती.

केड यांचा लेख सप्टेंबर १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियातील वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. वेळ वाईट होती. त्याच वर्षी अमेरिकेत हृदयरोग्यांना मिठाऐवजी दिल्या जाणाऱ्या लिथियम क्लोराइडमुळे काही मृत्यू झाले आणि तेथे त्यावर बंदी आली. लिथियम म्हणजे विष, हे समीकरण पक्के झाले. शिवाय कुणाही कंपनीला पेटंट घेता येणार नाही असा हा निसर्गातला क्षार. त्याचा प्रचार करण्यात कुणाला रस असणार?

डेन्मार्कमध्ये मात्र एका तरुण डॉक्टरला रस होता. मोगेन्स शू यांचा जन्म १९१८ चा. त्यांचे वडील हान्स याकोब शू हे स्वतः मनोविकारतज्ज्ञ होते. त्यांच्या रुग्णालयाच्या आवारात मोगेन्स वाढले. मान खाली घालून बागेत फिरणारे निराश रुग्ण त्यांनी लहानपणापासून पाहिले होते. आणि आजार फक्त बागेत नव्हता, घरातही होता. त्यांच्या एका भावाला तरुणपणापासून नैराश्याचे झटके येत. ते ओसरत आणि पुन्हा येत.

आर्हूसजवळच्या रिस्कोव येथील रुग्णालयात वरिष्ठ सहकारी एरिक स्ट्रोमग्रेन यांनी केड यांच्या लेखाकडे शू यांचे लक्ष वेधले. १९५४ मध्ये शू आणि सहकाऱ्यांनी उन्मादाच्या अडतीस रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध केली. काही रुग्णांच्या बाबतीत लिथियम द्यायचे की नुसतीच निरुपद्रवी गोळी, हे नाणे उडवून ठरवण्यात आले होते. मनोविकारशास्त्रातील अशा पद्धतीच्या अगदी आरंभीच्या चाचण्यांपैकी ही एक.

खरे नाट्य पुढे घडले. उन्मादाचा झटका लिथियमने उतरतो, एवढ्यावर शू थांबले नाहीत. पौल क्रिस्टियान बास्ट्रुप या सहकाऱ्यासह त्यांनी वेगळाच प्रश्न उभा केला: झटका येण्याआधीच तो थोपवता येईल का? त्यांच्या भावाला लिथियम सुरू झाले आणि दरवर्षी येणारे नैराश्य आलेच नाही. १९६७ मध्ये बास्ट्रुप आणि शू यांनी ८८ स्त्री-रुग्णांचा वर्षानुवर्षांचा अभ्यास छापला. निष्कर्ष तोच होता.

लंडनमधून प्रतिटोला आला. बॅरी ब्लॅकवेल आणि मायकेल शेफर्ड यांनी १९६८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये या साऱ्याला आणखी एक औषधी मिथक म्हणून हिणवले. त्यांचे शास्त्रीय आक्षेप बिनबुडाचे नव्हते. ८८ रुग्णांच्या अभ्यासात तुलनेसाठी स्वतंत्र गट नव्हता. पण वादाला एक खाजगी कडाही होती. शू यांनी आपल्या भावाला लिथियम दिल्याचे शेफर्ड यांना कळले होते. त्यांच्या लेखी शू हे शास्त्रज्ञ राहिलेच नव्हते, ते 'श्रद्धावान' झाले होते.

एकीकडे, अमेरिकेत आईच्या जवळिकीनेच मूल आजारी पडते, असे म्हटले जात होते. दुसरीकडे, रुग्णाचा भाऊ असल्यामुळे माणूस संशोधनाला अपात्र ठरत होता. कुटुंबाचे प्रेम दोन्हीकडे पुराव्याच्या विरुद्ध पक्षात उभे केले गेले.

शू यांनी उत्तर दिले ते चाचणीने. १९७० मध्ये लिथियमवर स्थिर असलेल्या ८४ स्त्री-रुग्णांपैकी निम्म्यांना, कुणालाही कल्पना न देता, निरुपद्रवी गोळीवर आणण्यात आले. आजच्या नीतिनियमांत हे बसणार नाही. तेव्हाही शू यांना ते जड गेले. आजार उलटला तो फक्त निरुपद्रवी गोळीवरच्या रुग्णांत, लिथियमवरच्या एकाही रुग्णात नाही. त्याच वर्षी अमेरिकेने उन्मादावरील उपचार म्हणून लिथियमला मान्यता दिली. केड यांचा लेख तोवर एकवीस वर्षांचा झाला होता.

डेन्मार्क आणि अमेरिका यांची ही जुगलबंदी चालू असताना भारतात, अमृतसरमध्ये, काहीतरी वेगळेच घडत होते. पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांत याचा उल्लेख क्वचितच सापडेल.

अमृतसरच्या मनोरुग्णालयाची पार्श्वभूमी फाळणीची. १९५० मध्ये भारत-पाकिस्तान यांनी मनोरुग्णांचीही अदलाबदल केली. लाहोरहून सुमारे साडेचारशे हिंदू आणि शीख रुग्ण अमृतसरला आले; इकडचे मुस्लिम रुग्ण तिकडे गेले. सआदत हसन मंटो यांच्या 'टोबा टेक सिंह' या कथेमागे हेच वास्तव आहे. रुग्णालय तुडुंब भरलेले, कर्मचारी अपुरे, आणि कितीतरी रुग्णांची कुटुंबे सीमेच्या दोन्ही बाजूंना विखुरलेली.

या रुग्णालयाचे अधीक्षक डॉ. विद्यासागर. १९५० च्या दशकात त्यांनी एक साधा निर्णय घेतला. रुग्णाला सोडून नातेवाइकांनी परत जायचे, ही ब्रिटिश काळापासूनची रीत मोडली. रुग्णालयाच्या आवारात तंबू ठोकले आणि आई-बाप, भाऊ, बायको यांनी रुग्णाबरोबर तेथेच राहावे, अशी व्यवस्था केली. स्वयंपाक त्यांनीच करायचा, औषध वेळेवर दिले जाते की नाही ते त्यांनीच पाहायचे. डॉक्टर रोज नातेवाइकांच्या घोळक्यात बसून आजार म्हणजे काय ते समजावून देत: हे भूत नव्हे, पापाचे फळ नव्हे, बरे होणारे दुखणे आहे. आपला माणूस सुधारताना बघितलेली आई शेजारच्या तंबूत नव्याने आलेल्या आईला जे सांगे, ते कुठल्याही व्याख्यानाने साधले नसते.

यामागे उदात्त तत्त्वज्ञान होते की निव्वळ निकड, असे कुणी विचारील. निकड होतीच, माणसेच नव्हती. पण निकडीतून जे सिद्ध झाले ते एस्किरोलच्या नेमके उलटे होते. घरचे माणूस जवळ असले की रुग्णाची भीती कमी होते, त्याला बांधून ठेवण्याची वेळ कमी येते आणि तो लवकर घरी जातो. त्याच दशकात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या मानसिक आरोग्य केंद्रातही नातेवाइकाने रुग्णासोबत राहणे हा उपचाराचाच भाग झाला. पुढे बंगळुरूच्या निमहान्सनेही कुटुंबासाठी स्वतंत्र व्यवस्था उभारली. ज्या वर्षांत चेस्टनट लॉजच्या वर्तुळात आई हे रोगाचे कारण होते, त्याच वर्षांत अमृतसरच्या तंबूत ती परिचारिका होती.

हे वाचून छाती फुगवण्याआधी थोडे थांबावे. आपल्याकडे मुलाचा आजार लग्नाच्या बाजारात लपवला जातो, 'लग्न झाले की ताळ्यावर येईल' म्हणत परक्या मुलीच्या गळ्यात बांधला जातो, देवऋषी आणि भगत यांच्या दारात वर्षे जातात. घरच्यांनी सांभाळणे म्हणजे बहुतेक वेळा घरातल्या एका बाईने सांभाळणे. विद्यासागर यांनी कुटुंबाला गौरवले नाही; त्यांनी त्याला शिकवले आणि सोबत दिली.

कुटुंबाचा परिणाम आजारावर होतो की नाही? होतो, आणि येथे शास्त्राने शेवटी एक बारीक पण महत्त्वाचा फरक केला. १९५० च्या दशकाच्या अखेरीस लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन आणि मॉरिस कार्स्टेअर्स यांनी रुग्णालयातून घरी सोडलेल्या पुरुषांचा मागोवा घेतला. (कार्स्टेअर्स यांचा जन्म मसुरीचा, राजस्थानात त्यांनी मानववंशशास्त्रीय अभ्यास केला होता.) आई-वडिलांकडे किंवा बायकोकडे परतलेले रुग्ण, भाड्याच्या खोलीत राहायला गेलेल्यांपेक्षा अधिक प्रमाणात पुन्हा दाखल होत होते. पुढील संशोधनातून 'अभिव्यक्त भावना' ही संकल्पना निघाली: घरातील टीका, वैरभाव आणि अतिगुंतवणूक यांचे मोजमाप. १९८८ मध्ये डेव्हिड मिक्लोविट्झ आणि सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियात हेच मोजमाप उन्मादातून नुकत्याच सावरलेल्या रुग्णांच्या घरी लावले. ज्या घरांत हे ताण जास्त होते, तेथे पुढील नऊ महिन्यांत आजार उलटण्याचे प्रमाणही जास्त आढळले.

आजार कशाने झाला आणि आजार का उलटतो, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. कोहेन यांच्या निबंधाने ते एकत्र कालवले होते. तरीही अनेक पालकांना 'अभिव्यक्त भावना' हा जुन्याच आरोपाचा नवा अवतार वाटला. त्यांना दोष तरी कसा द्यावा? येथेही भारतातून एक उपयुक्त दाखला मिळाला. चंदीगडमध्ये डॉ. नरेंद्रनाथ विग आणि ब्रिटिश सहकारी ज्युलियन लेफ यांनी स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांच्या नातेवाइकांची डेन्मार्कमधील आर्हूसशी तुलना केली. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार आर्हूसमध्ये तीव्र भावनिक ताण दाखवणारे नातेवाईक निम्म्याहून थोडे अधिक होते, चंदीगडमध्ये सुमारे पाव.

तोवर अमेरिकेतील पालकांची सहनशक्ती संपली होती. १९७९ मध्ये विस्कॉन्सिनमधील मॅडिसन येथे हॅरिएट शेटलर आणि बेव्हर्ली यंग या दोन आयांच्या पुढाकारातून मानसिक रुग्णांच्या कुटुंबीयांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. दोघींचेही मुलगे स्किझोफ्रेनियाने आजारी होते. आजार मेंदूचा आहे, आमच्या संगोपनाचा नाही, हा या चळवळीचा आधारस्तंभ. तीस वर्षे आरोपीच्या पिंजऱ्यात उभ्या असलेल्यांना हे वाक्य किती मोलाचे वाटले असेल!

आणि मग लंबक पुन्हा पलीकडे गेला. क्रेपेलिन यांनी आपल्या ९०३ रुग्णांपैकी जेमतेम ०.४ टक्के रुग्णांत आजार वयाच्या दहा वर्षांआधी सुरू झाल्याचे नोंदवले होते. अमेरिकेत १९९० च्या दशकाच्या मध्यापासून मात्र चिडचिड्या, आदळआपट करणाऱ्या लहान मुलांना 'बायपोलर' ठरवण्याची लाट आली. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रीय अभ्यासानुसार, १९९४-९५ मध्ये एकोणीस वर्षांपर्यंतच्या दर लाख मुलांमागे या निदानासाठी डॉक्टरांकडे वर्षाला २५ भेटी होत. २००२-०३ मध्ये १,००३. आठ वर्षांत चाळीस पट. कोणताही आनुवंशिक आजार आठ वर्षांत चाळीस पट वाढत नाही. वाढले ते निदान. औषध कंपन्यांचा पैसा आणि विम्याचे नियम यांचा त्यात वाटा होता. पण पालकांनी ते निदान मनापासून स्वीकारले, यामागे १९५४ चीही सावली होती. 'वाईट आई' की 'आजारी मेंदूचे मूल', एवढे दोनच पर्याय ठेवले, तर आई कोणता निवडील?

२०१३ मध्ये अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेत अशा सतत चिडलेल्या मुलांसाठी वेगळे निदान घालण्यात आले. यांतील बहुतेक मुलांना मोठेपणी द्विध्रुवी विकार होत नाही, असे दरम्यान दिसून आले होते. रक्ताचे म्हणावे तर, जुळ्यांच्या अभ्यासांवरून आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, याबद्दल आज दुमत नाही. पण आई किंवा वडील यांपैकी एकाला हा आजार असला, तर मुलाला तो होण्याची शक्यता साधारण ५ ते १० टक्के असते. क्रेपेलिन यांच्या ८० टक्क्यांशेजारी हा आकडा ठेवून पाहावा.

मोगेन्स शू २००५ मध्ये वारले. त्यांनी शेकडो शोधनिबंध लिहिले, पण १९८० मधले त्यांचे एक लहानसे पुस्तक वेगळे आहे. लिथियमच्या उपचाराची ती व्यावहारिक माहितीपुस्तिका. गोळी कधी घ्यावी, रक्त कधी तपासावे, उलट्या-जुलाब झाले तर काय करावे, हात थरथरू लागले तर कुणाला सांगावे, अशी साधी माहिती तिच्यात आहे. ती डॉक्टरांसाठी होती, तशीच रुग्णांसाठी आणि त्यांच्या घरच्या माणसांसाठीही होती.